तीन रंगांचा शेवट

व्हिडिओ गेम हा विषय या पृष्ठांवर पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची आम्हांस कल्पना आहे. घराघरांत या खेळांवरून वाद होतात. मुलांचा वेळ, डोळे आणि अभ्यास यांची काळजी वाहणाऱ्या पालकांना त्यांत साहित्य शोधण्याची उसंत नसते. तथापि कथा सांगण्याची एक नवी रीत या माध्यमात जन्मास आली आहे आणि तिच्यातील उत्तम कृतींकडे कादंबरीकडे किंवा नाटकाकडे पाहावे त्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे, असे आमचे मत आहे. या लेखात आम्ही अशाच एका कृतीच्या शेवटाविषयी लिहीत आहोत. ती कृती आम्हांस प्रिय आहे. तिचा शेवट आम्हांस बरीच वर्षे सलत राहिला. आणि अलीकडे, तो का सलतो याचे जे उत्तर आम्ही स्वतःस देत आलो होतो, तेच अपुरे असल्याचे ध्यानात आले.

कृतीचे नाव 'मास इफेक्ट'. कॅनडातील एडमंटन शहरात १९९५ साली स्थापन झालेल्या बायोवेअर या संस्थेने ती तीन भागांत निर्माण केली. पहिला भाग २००७ च्या नोव्हेंबरात, दुसरा २०१० च्या जानेवारीत आणि तिसरा २०१२ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही भागांचे दिग्दर्शन केसी हडसन यांचे. पहिल्या दोन भागांच्या लेखनाची धुरा प्रामुख्याने ड्र्यू कार्पिशिन यांनी वाहिली आणि तिसऱ्या भागात मॅक वॉल्टर्स हे प्रमुख लेखक होते. संगणकावर खेळण्याजोगा पहिला भाग २००८ साली आमच्या हाती आला. शेवट पाहिला तो चार वर्षांनंतर.

कथा बाविसाव्या शतकातील आहे. मानवजात आकाशगंगेतील इतर प्रगत वंशांच्या सहवासात नुकतीच आली आहे. सेनाधिकारी शेपर्ड यांच्या ध्यानी येते की, दर पन्नास हजार वर्षांनी 'रीपर' नावाची प्रचंड यंत्रे आकाशगंगेच्या अंधाऱ्या टोकाकडून येतात आणि प्रगत झालेल्या प्रत्येक संस्कृतीची, कापणी करावी तशी, कत्तल करून परत जातात. पुढच्या कापणीची वेळ आता भरली आहे. शेपर्ड पुरुष असावा की स्त्री, त्याचा पूर्वेतिहास कोणता, त्याने क्षमा करावी की कठोर व्हावे, हे सारे खेळणारा ठरवतो. त्याहून महत्त्वाचे असे की, पहिल्या भागात घेतलेला निर्णय संगणकाच्या स्मृतीत जतन होतो आणि दुसऱ्या व तिसऱ्या भागात त्याची फळे समोर येतात. व्हर्मायर नावाच्या ग्रहावर दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच वाचवता येते. दुसऱ्याला मागे सोडावे लागते. पुढच्या दोन्ही भागांत तो गेलेला सहकारी परत येत नाही. कादंबरीचा वाचक नायकाच्या चुकीबद्दल हळहळतो. इथे चूक आपली असते, आणि ती दोन वर्षांनी आपल्या दारात उभी राहते. ललित साहित्यात हा अनुभव आम्हांस अन्यत्र कोठेही मिळालेला नाही.

तिसऱ्या भागाविषयी जो राग पुढे उसळला, त्यात या भागाचे थोरपण झाकून गेले. म्हणून आधी त्याविषयी बोलणे न्याय्य ठरेल.

क्रोगन हा लढवय्या वंश. त्यांची संख्या अनावर वाढते या भयाने सॅलेरियन शास्त्रज्ञांनी एक जैविक अस्त्र बनवले आणि ट्यूरियन सेनेने ते क्रोगनांवर सोडले. परिणाम असा की, त्यांच्या हजार गर्भांपैकी एखादाच जिवंत जन्मास येतो. मॉर्डिन सोलस नावाचा बडबड्या, विनोदी, अतिशय बुद्धिमान सॅलेरियन शास्त्रज्ञ दुसऱ्या भागात आपला सहकारी होतो. क्रोगन त्या अस्त्राला हळूहळू पुरून उरत आहेत असे दिसताच, त्याला नवी धार देणाऱ्यांत हाच मॉर्डिन होता. तो आपल्या कृत्याचे आकडेवारीने समर्थन करतो, आणि एका मृत क्रोगन स्त्रीच्या देहापुढे मात्र त्याचा आवाज बदलतो. तिसऱ्या भागात तोच मॉर्डिन उपाय तयार करतो, आणि कोसळू लागलेल्या मनोऱ्यावर, परत येणे नाही हे जाणून, एकटा चढतो. हे काम दुसऱ्या कोणावर सोपवले तर चूक होईल, अशा अर्थाचे तो काही बोलतो. पश्चात्ताप म्हणजे रडणे नव्हे. बिघडवलेले आपल्या हातांनी नीट करणे, त्याची किंमत स्वतः मोजणे, ही जाणीव इतक्या साध्या रीतीने मांडणारे प्रसंग छापील साहित्यातही आम्ही फार वाचलेले नाहीत. आणि खेळणाऱ्याची इच्छा असेल तर तो याच मॉर्डिनला पाठीत गोळी घालू शकतो. ती मुभा आहे म्हणूनच न घातलेल्या गोळीला मोल आहे.

दुसरा प्रसंग थेन क्रिओस या मारेकऱ्याचा. आयुष्यभर पैशासाठी माणसे मारलेला हा रुग्ण रुग्णालयात मरणशय्येवर आहे आणि त्याचा मुलगा उशाशी प्रार्थना वाचत आहे. आपणही त्या वाचनात सामील होतो. प्रार्थना संपल्यावर आपल्या लक्षात येते की तिच्यातील शब्द थेनला लागू होत नाहीत. तेव्हा मुलगा सांगतो की वडिलांनी स्वतःसाठी क्षमा आधीच मागितली होती; ही प्रार्थना शेपर्डसाठी होती. त्या धर्माचे देव काल्पनिक आहेत. पण मरणाऱ्याच्या उशाशी ज्याने कधी प्रार्थना म्हटली आहे, त्याला हा प्रसंग परका वाटणार नाही.

तिसरा प्रसंग रॅनोक ग्रहाचा, आणि आमच्या लेखाचा कणा तोच आहे. क्वेरियन वंशाने गेथ नावाची यंत्रे बनवली. यंत्रे विचार करू लागली आणि आपल्याला आत्मा आहे का, असे विचारू लागली. भयभीत निर्मात्यांनी ती नष्ट करण्याचा प्रयत्न केला, युद्धात ते स्वतःच हरले आणि सुमारे तीनशे वर्षे जहाजांच्या तांड्यातून निर्वासितांसारखे भटकत राहिले. दुसऱ्या भागात एक गेथ आपल्या जहाजावर येतो. एकाच देहात ११८३ स्वतंत्र प्रणाली नांदत असल्याने तो स्वतःविषयी नेहमी 'आम्ही' असे बोलतो. त्याला नाव मिळते 'लीजन', आणि ते कोठून आले हे खेळात स्पष्ट सांगितले आहे: मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील भूतग्रस्ताच्या कथेतून. तिथे ते नाव अनेक दुष्टात्म्यांचे. इथे ते अनेक मने एकत्र नांदण्याचे. रॅनोकवर दोन्ही पक्ष एकमेकांचा संहार करण्याच्या बेतात असताना, खेळणाऱ्याने आधीच्या भागांत समंजसपणा दाखवला असेल तर, शांतता घडवता येते. आपल्या सर्व बांधवांना स्वतंत्र मन लाभावे म्हणून लीजन स्वतःस संपवतो. त्या शेवटच्या क्षणी तो प्रथमच 'मी' म्हणतो. आणि त्याच्या वंशाने तीनशे वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे होते, हे त्याला एक क्वेरियन तरुणी सांगते. तो उत्तरतो की ते त्याला ठाऊक आहे, तरी आभार.

इतके घडल्यानंतर शेवटची दहा मिनिटे येतात.

जखमी शेपर्ड एका विराट अंतराळस्थानकाच्या माथ्यावर पोहोचतो. तिथे एका लहान मुलाच्या रूपात एक बुद्धी प्रकट होते. रीपर हे तिचेच हस्तक. ती सांगते की निर्मिलेली यंत्रे निर्मात्यांवर उलटतातच. ती साऱ्या जीवसृष्टीचा नाश करतील. तो टाळण्यासाठीच प्रगत संस्कृतींची कापणी करून त्यांना रीपरांच्या रूपात जपून ठेवले जाते. आता शेपर्डपुढे तीन वाटा आहेत. लाल वाटेने रीपर नष्ट होतील, पण त्यांच्यासोबत गेथांसह सर्व विचारी यंत्रेही मरतील. निळ्या वाटेने शेपर्ड देह सोडून रीपरांचा नियंता होईल. हिरव्या वाटेने सजीव आणि यंत्र यांचे मीलन होऊन सारी सृष्टीच नवी होईल. वाट कोणतीही निवडली तरी २०१२ च्या मूळ आवृत्तीत त्यापुढची दृश्ये जवळजवळ तीच होती; मुख्यत्वे स्फोटाचा रंग तेवढा बदलत असे. ताऱ्याताऱ्यांना जोडणारी द्वारे फुटत, आपले जहाज एका अनोळखी ग्रहावर आदळे, आणि फार पुढच्या काळातला एक वृद्ध एका बालकाला ही कथा सांगताना दिसे. त्या वृद्धाचा आवाज चंद्रावर पाऊल ठेवलेल्या बझ ऑल्ड्रिन यांचा होता.

या शेवटावर आमचे तीन आक्षेप होते आणि ते आजही आहेत. पहिला तर्काचा. निर्माता आणि निर्मिती यांत सलोखा अशक्य आहे असे ती बुद्धी सांगते, आणि रॅनोकवर तो सलोखा आपण काही तासांपूर्वीच आपल्या हातांनी घडवलेला असतो. तरी मूळ आवृत्तीतल्या शेपर्डला त्याचा उच्चारही करता येत नाही. बोलण्याच्या बळावर तीन भाग तरलेला नायक नेमका इथे मुका होतो. दुसरा आक्षेप रचनेचा. ज्याच्या मुखातून साऱ्या कथेचा अर्थ यावा, ते पात्र अखेरच्या क्षणी अवतरते. त्याचे बालरूप शेपर्डच्या स्वप्नांत आधी येऊन गेले आहे हे खरे. पण स्वप्नात रूप दाखवल्याने मुखातला सिद्धांत पटत नाही. तिसरा आक्षेप वचनाचा. प्रकाशनापूर्वीच्या एका मुलाखतीत हडसन यांनी असे सूचित केले होते की, हा शेवट अ, ब, क अशा ठरीव पर्यायांपैकी एक निवडण्यासारखा नसेल. प्रत्यक्षात तो तसाच निघाला. आणि वर्षानुवर्षांचे आपले निर्णय? त्यांची बेरीज 'युद्धबळ' नावाच्या एका आकड्यात झाली. कोणाला जीवदान दिले, कोणाशी शब्द पाळला, हे सारे वाण्याच्या वहीतल्या जमेसारखे एका रकान्यात उतरले.

रसिकांचा क्षोभ अभूतपूर्व होता. काहींनी तो कल्पकतेने व्यक्त केला. लाल, निळ्या आणि हिरव्या रंगांचे सुमारे चारशे कपकेक बायोवेअरकडे पाठवण्यात आले. रंग तीन, आणि चव मात्र सर्वांची एकच. शेवट बदलावा अशी मागणी करणाऱ्यांनी रुग्ण मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकरिता ८० हजार डॉलरहून अधिक निधी गोळा केला. काहींनी मात्र लेखकांना अश्लाघ्य भाषेत छळले, आणि त्याचे समर्थन कोणत्याही रसिकतेने होत नाही. अखेर २०१२ च्या जूनमध्ये बायोवेअरने विस्तारित शेवट विनामूल्य दिला. त्यात प्रत्येक वाटेचे परिणाम वेगळे दाखवले, त्या बुद्धीशी अधिक बोलण्याची सोय केली, आणि एक चौथी वाट उघडली: तिन्ही पर्याय नाकारण्याची.

वाचकांच्या आग्रहापुढे लेखकाने वाकावे काय, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. प्रश्न जुना आहे. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला मारले आणि पुढे १९०३ साली त्याला परत आणले. डिकन्स यांनी एका लेखकमित्राच्या सल्ल्यावरून 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट छापण्यापूर्वी बदलला. साहित्याचे त्यामुळे काही बिघडले नाही. उलट, ज्या कृतीने वाचकालाच निर्णयकर्ता केले, तिला वाचकाचे म्हणणे अधिकच ऐकावे लागणार, असे आम्हांस तेव्हा वाटले. विस्तारित शेवट अधिक सभ्य आहे, अधिक स्पष्टही आहे. मूळ तर्कदोष मात्र त्याने झाकला, काढला नाही.

इथवरचा लेख आम्ही २०१२ सालीही लिहू शकलो असतो. पुढचे सांगण्यास आणखी नऊ वर्षे जावी लागली.

२०२१ च्या मे महिन्यात तिन्ही भाग एकत्र, नव्या रूपात प्रसिद्ध झाले. महासाथीचे दिवस होते. बारावीची परीक्षा रद्द झाल्याने आमचा भाचा घरीच अडकला होता. तो खेळे आणि आम्ही मागे खुर्चीत बसून पाहत असू. आमचे जुने आक्षेप आम्ही त्याला मुद्दाम सांगितले नाहीत. रॅनोकवर त्याने शांतता घडवली. लीजन गेला तेव्हा तो उठून पाणी प्यायला आणि बराच वेळ परत आला नाही.

शेवटच्या मंचावर तो थांबला. लाल वाटेकडे बोट दाखवून त्याने विचारले, "मामा, तेव्हा कुठली घेतली होती?" आम्ही सांगितले, "लाल." तो म्हणाला, "मग लीजनचं काय?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. रॅनोक विसरल्याबद्दल आम्ही नऊ वर्षे लेखकांना दोष देत होतो. पण लाल वाट धरताना गेथही मरणार हे खेळाने आम्हांस स्पष्ट सांगितले होते. आम्ही ते ऐकले होते, आणि तरी त्या वाटेने गेलो होतो. रीपरांचा सूड घ्यायचा होता. शेवटावरचा रागही त्यात मिसळला होता. ज्या वंशाला आत्मा आहे हे आम्ही स्वतः मान्य केले, त्याला आम्ही एका निर्णयात पुसून टाकले, आणि नंतर तर्कदोषावर तावातावाने बोलत राहिलो. लेखक विसरले असतील. पण त्यांच्यासोबत आम्हीही विसरलो होतो.

भाच्याने चौथी वाट धरली. त्याने तिन्ही पर्याय नाकारले. चांगल्या हेतूसाठीही वाईट कृत्य करू नये, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनीच शिकलेले आहे. ते तो मोठ्याने बोलला नाही, पण त्याने नेमके तेच केले. आणि खेळाने त्याला त्याबद्दल बक्षीस दिले नाही. आकाशगंगा हरली. त्याचे सगळे सोबती, त्याने वाचवलेले क्रोगन आणि गेथ, सारे संपले. पुढच्या युगातील कोणी अनोळखी वंश मागे ठेवलेल्या संदेशामुळे वाचतो, एवढेच काय ते समाधान. पडदा काळा झाल्यावर तो बराच वेळ तसाच बसून राहिला. पुन्हा वेळ आली तर काय करशील, असे आम्ही विचारले. "तेच," तो म्हणाला, पण त्याचा आवाज ठाम नव्हता.

त्याचा निर्णय बरोबर होता असे आम्ही म्हणत नाही. कोट्यवधींचे प्राण पणाला लागले असताना आपले हात स्वच्छ ठेवणे हाही एक अहंकार असू शकतो, असे म्हणणारा वाचक आम्हांस भेटला तर त्याच्याशी वाद घालणे अवघड जाईल. मात्र हा वाद आमच्या घरात जेवणाच्या ताटावर तीन दिवस चालला. बहिणीने खेळातला एकही क्षण पाहिलेला नव्हता, तरी तीही त्यात उतरली. सदोष म्हणून आम्ही ज्या शेवटाला वर्षानुवर्षे बाजूला सारले होते, त्याने हा वाद उभा केला, हे मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

आता समीक्षक म्हणून निर्णय द्यायचा तर तो असा. शेवटच्या दहा मिनिटांत बायोवेअरच्या लेखकांनी आपल्याच कृतीवर पुरेसा विश्वास ठेवला नाही. जो अर्थ मॉर्डिनच्या मनोऱ्यावर, थेनच्या उशाशी आणि रॅनोकच्या मातीत आधीच उमटला होता, तो एका अनोळखी मुखातून पुन्हा सांगण्याची गरज नव्हती. आणि सांगताना तो उलटा सांगितला गेला. हा दोष मोठा आहे, आणि पुढची डागडुजी त्याला पुरी पडलेली नाही. परंतु तिसऱ्या भागाचा खरा शेवट त्या दहा मिनिटांत नाही. तो सबंध भागभर विखुरलेला आहे. एकेका सोबत्याचा निरोप घेत आपण पुढे जातो, आणि प्रत्येक निरोपात आपण पूर्वी कसे वागलो याचा हिशेब होतो. तो हिशेब चोख आहे, आणि 'युद्धबळा'च्या आकड्यात त्याचा ठावही लागत नाही. २०१२ साली आम्ही शेवटच्या रकान्यातला आकडा पाहून वही मिटली होती.

पालकांसाठी एक सूचना आवश्यक आहे. अमेरिकेतील वर्गीकरणानुसार तिन्ही भाग १७ वर्षे आणि त्यावरील वयासाठी आहेत. हिंसा आहे, काही शृंगारिक प्रसंगही आहेत. लहान मुलांच्या हाती ते देऊ नयेत. मात्र घरात कॉलेजला जाणारे कोणी हा खेळ खेळत असेल, तर कधीतरी मागे खुर्ची ओढून बसावे आणि त्याने अमुक निर्णय का घेतला, एवढे विचारावे. उत्तर ऐकण्याजोगे असते.

भाचा आता शिक्षणासाठी बाहेरगावी आहे. आमच्या संगणकात २०१२ ची ती जुनी नोंद अजून जपून ठेवलेली आहे, लाल वाटेच्या अलीकडची. ती उघडून वेगळा निर्णय घेता येईल, हे आम्हांस ठाऊक आहे. अद्याप तसे केलेले नाही.